मालनबाईचं खुराडं

प्रतिक्षाने ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खुराडं नव्हतंच. तीन चपटी खोकी होती, आणि भैय्याजी त्यांच्यावरची चिकटपट्टी ब्लेडने कापत होते.

साकोलीला हायवेला लागून भैय्याजींचं शेतीच्या सामानाचं दुकान. तिथून तीन गाळे सोडून प्रतिक्षा ऑनलाइन फॉर्म भरायच्या सेंटरवर कामाला होती. सातबारा, जातीचा दाखला, पीक विमा, दिवसभर हेच. दुपारी लाइट गेली की ती भैय्याजींच्या ओट्यावर येऊन बसायची. त्या दिवशीही तशीच बसली होती.

भैय्याजींनी खोक्यांतून जाळीच्या चौकटी काढल्या, हिरवे पत्रे काढले, प्लास्टिकच्या भोकाभोकांच्या फळ्या काढल्या, चार लोखंडी पाय आणि पिशवीभर नट-बोल्ट काढले. समोरच्या टपरीवरून आलेला चहा बाजूला ठेवला आणि पान्हा हातात घेतला. तो चहा पुरता निवायच्या आत दुकानापुढे कमरेएवढं, दोन दारांचं, हिरव्या छपराचं खुराडं उभं राहिलं. प्रतिक्षा ओट्यावरून उठून जवळ गेली. प्रत्येक भोकासमोर भोक आलं होतं. कुठे ठोकावं लागलं नाही, कुठे वाकवावं लागलं नाही. हे भाग कुठल्या तरी लांबच्या कारखान्यात कापले गेले असणार, कापणाऱ्याने साकोली कधी पाहिली नसणार, आणि तरी इथे येऊन ते एकमेकांना असे जुळले होते जणू एकाच वेळी जन्मले.

"अंडे घ्यायले आत जायची गरज नाही," भैय्याजी म्हणाले आणि मागच्या बाजूची एक लांबट झडप त्यांनी वर उचलली. "बाहेरून हात टाका, अंडं उचला, झडप बंद."

प्रतिक्षाने दोनदा झडप उघडून पाहिली, दोनदा लावली. घरी जाताना बसमध्ये तिच्या डोळ्यांपुढे तेच होतं.

तिला खुराड्याची चिंता होतीच. चिचटोल्याच्या बाया मिळून चालवत त्या बचत गटात तिची माय मालनबाई होती. गटातल्या आठ जणींना सरकारी योजनेतून प्रत्येकी वीस तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, मिळायच्या होत्या, गावरान जातीच्या, दीड महिन्याच्या. तीन आठवड्यांत येणार होत्या. अट एकच होती, पक्षी यायच्या आधी पक्कं खुराडं तयार पाहिजे. त्यांचं गाव चिचटोला साकोलीपासून पाच कोसांवर, जंगलाच्या बाजूला. तिथे रानमांजर येतं, मुंगूस येतो, घोणस निघते. मागच्या वर्षी गटातल्याच उषाबाईच्या अकरा कोंबड्या एका रात्रीत गेल्या होत्या आणि सकाळी अंगणात नुसती पिसं होती.

प्रतिक्षाचा भाऊ अश्वजित चाकणला कंपनीत होता. तिने त्याला फोटो पाठवले, तर त्याचा लगेच फोन आला. "घेऊन टाक," तो म्हणाला. "मी पैसे पाठवतो. मायले आता विटा-माती नको करू देऊ. आयुष्यभर तेच केलं तिनं."

ते खरं होतं. मालनबाईने रेजाचं काम केलं होतं. मिस्त्री भिंत बांधतो आणि रेजा त्याला विटा, वाळू, माल आणून देते. लग्नाआधी तिने गोसीखुर्दच्या धरणावर घमेली वाहिली, तिथे झोपड्यांच्या रांगेत दोन वर्षं काढली. लग्नानंतर नत्थू मिस्त्रीच्या हाताखाली अठरा वर्षं. साकोलीतल्या अर्ध्या नव्या घरांच्या भिंती तिच्या डोक्यावरून वर गेल्या होत्या. मग मान दुखायला लागली, डॉक्टरने ओझं बंद करायला सांगितलं, आणि ती दीड एकराच्या धानात आणि गटाच्या कामात राहिली. प्रतिक्षाला मायचं काम म्हणजे संध्याकाळी दारात येणारी, भुवयांवर सिमेंटची धूळ बसलेली बाई एवढंच आठवायचं. ती काय करते असं शाळेत विचारलं की प्रतिक्षा 'मजुरी' लिहायची आणि पुढच्या प्रश्नाकडे जायची.

बाजाराच्या दिवशी ती मायला भैय्याजींच्या दुकानावर घेऊन आली. मालनबाईने चपला ओट्याखाली काढल्या, पदर खोचला आणि खुराड्याभोवती एक फेरी मारली. मग खाली बसली. पायांना हात लावला, जाळीचा सांधा अंगठ्याने चाचपला, झडप उचलली, तिची बिजागरी पाहिली. ती पुन्हा लावली, पुन्हा उचलली. प्रतिक्षाला वाटलं, मायला समजलं नसेल.

"ज्यानं हे केलं त्याले मानलं पायजे," मालनबाई म्हणाली. "एक सूत इकडं-तिकडं नाही. अन् ही अंड्याची खिडकी. हे मले कधी सुचलं नसतं."

"म्हणजे घ्यायचं?" प्रतिक्षाने विचारलं.

मार्च महिन्याचे दिवस होते आणि खुराडं सकाळपासून उन्हात होतं. मालनबाईने हिरव्या पत्र्यावर तळहात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. प्रतिक्षा मनात मोजत होती. सातापर्यंत आली तेव्हा मायने हात उचलला. तळवा लाल झाला होता.

"भैय्याजी, हे मे महिन्यात कुठं ठेवाचं?"

"सावलीत ठेवा ना, मावशी. मोठ्या झाडाखाली."

"माह्या अंगणात झाड नाही," मालनबाई म्हणाली. मग तिने कोपऱ्याला हाताने हलकासा धक्का दिला. खुराडं बोटभर सरकलं. "अन् घरात माणसं तीन, पोरगी इथं कामावर, धानाच्या दिवसात आम्ही दोघंही वावरात. कोणी ढकललं तं?"

"रानमांजर काही ढकलत नाही," भैय्याजी हसून म्हणाले.

"रानमांजर नाही ढकलत. रानडुक्कर ढकलते."

यावर भैय्याजींनी मान हलवली. ते माणूस प्रामाणिक होते. "तुमच्या गावात डुक्कर असन तं पाय सिमेंटमध्ये गाडावे लागतीन," ते म्हणाले. "पण माल चांगला आहे, मावशी. सावली असन तिथं दहा वर्षं काही होत नाही."

"माल चांगलाच आहे," मालनबाई म्हणाली, आणि ती ते मनापासून म्हणत होती.

तिथून त्या दोघी भाजी घ्यायला निघाल्या. वाटेत लोखंडी सामानाच्या दुकानापाशी मालनबाई थांबली. फळीवर करण्या मांडल्या होत्या, मिस्त्री ज्याने माल लावतात त्या. तिने एकेक उचलून मूठ धरली, पातं दोन बोटांवर तोललं, खाली ठेवली. सहावी की सातवी तिने ठेवली नाही.

"मिस्त्रीनं कोणती सांगितली होती?" दुकानदाराने विचारलं.

"मिस्त्रीले हेच लागते," मालनबाई म्हणाली.

प्रतिक्षाला वाटलं, माय नत्थूसाठी घेऊन राहिली.

घरी जेवणं झाल्यावर बोलणं निघालं. प्रतिक्षाचा बाप डोमा कमी बोलणारा माणूस. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि म्हणाला, "नत्थूले विचारा. परसात तीनशे विटा पडून आहेत. दोन दिवसांचं काम."

प्रतिक्षाने तिथूनच नत्थूला फोन लावला. नत्थूकडे घरकुलाची चार कामं होती. तो म्हणाला, महिना-सव्वा महिना तरी हात मोकळा होणार नाही. मधे एक दिवस निघाला तर येऊन आखणी करून देईन.

"झालं," प्रतिक्षा म्हणाली. "तीन आठवड्यांत पक्षी येतात. आता तयार घेतल्याशिवाय रस्ता नाही. अंगणात मांडव टाकू, सावली होईन. पाय सिमेंटमध्ये गाडू."

"मी बांधीन," मालनबाई म्हणाली.

डोमाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. प्रतिक्षाला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही.

"माय, तू विटा देत होतीस. बांधत होते नत्थूकाका."

"हो."

"तू कधी एक तरी वीट लावली का?"

"नाही," मालनबाई म्हणाली. "रेजाले कोण लावू देते?" ती हे रागाने म्हणाली नाही. ताटं गोळा करता करता म्हणाली. "अठरा वर्षं त्याच्या मागं उभी होती. दुसरीकडं पाहाले तिथं होतं काय?"

शनिवार-रविवार सेंटर बंद होतं. प्रतिक्षाने मनाशी ठरवलं, दोन दिवस मायच्या मनासारखं होऊ द्यावं. भिंत वाकडी गेली की ती स्वतःच 'राहू दे' म्हणेल, आणि सोमवारी आपण भैय्याजींकडे जाऊ.

शनिवारी सकाळी ती चहा घेऊन परसात आली तेव्हा मालनबाई विटांच्या ढिगापाशी बसली होती. ती दोन्ही हातांत एकेक वीट घेऊन एकमेकींवर आपटत होती. टण्ण आवाज आला की वीट उजवीकडे जायची. भद्द आवाज आला की डावीकडे. ती विटांकडे पाहतही नव्हती, डोळे समोर कुठेतरी होते आणि कान कामाला लागले होते. अर्ध्या तासात ढिगाचे दोन ढीग झाले.

"डावीकडच्या कच्च्या," ती म्हणाली. "पाण्यात विरघळतात. त्या पायव्यात नको, छपराजवळ लावू."

प्रतिक्षाने डावीकडची एक आणि उजवीकडची एक उचलून पाहिली. रंग सारखा, वजन सारखं. तिने आपटून पाहिल्या. मग मात्र फरक ऐकू आला, इतका स्पष्ट की आतापर्यंत तो आपल्याला ठाऊक कसा नव्हता याचं तिला नवल वाटलं.

मग मालनबाईने जागा ठरवली. घराच्या पश्चिमेच्या भिंतीला लागून नाही, तिथे दुपारचं ऊन. उगवतीच्या बाजूला, जिथे दुपारनंतर घराचीच सावली पडते. तिने चार खुंट्या घेतल्या आणि लांब सुतळी घेतली. सुतळीला आपल्या हाताच्या मापाने गाठी मारल्या. एका खुंटीपासून एका दिशेने तीन हात मोजले, दुसऱ्या दिशेने चार हात, आणि त्या दोन टोकांमध्ये सुतळी तिरपी ताणली. ते तिरपं अंतर पाच हातांना थोडं कमी पडलं. तिने दुसरी खुंटी उपटून बोटभर बाहेर ठोकली. परत ताणली. आता बरोबर पाच.

"कोपरा काटकोनात आला," ती म्हणाली.

प्रतिक्षाच्या हातातला चहा तसाच राहिला. दहावीला तिने हे फळ्यावर पाहिलं होतं, तीनचा वर्ग अधिक चारचा वर्ग, आणि परीक्षेत लिहून पाच गुण मिळवले होते. ते कशासाठी असतं हे तिला कोणी सांगितलं नव्हतं आणि तिनेही विचारलं नव्हतं. तिची माय सही करायला शिकली ती बचत गटात आल्यावर, तीही अडखळत. आणि इथे ती सुतळीच्या तुकड्याने जमिनीवर काटकोन उभा करत होती, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

"हे तुले कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. मिस्त्री सुतळी धरायले लावे ना. एक टोक त्याच्या हाती, दुसरं माह्या."

पायवा दीड वीत खोल गेला. तळाला मालनबाईने फुटक्या बाटल्यांच्या काचा टाकल्या. मुंगूस खालून उकरत येतो, काच लागली की परत फिरतो, असं तिने सांगितलं. मग प्रतिक्षाला दवाखान्यातल्या सलाइनच्या नळीसारखी पारदर्शक नळी आणायला लावली. तिच्यात पाणी भरलं, एक टोक प्रतिक्षाने या खुंटीला धरलं, दुसरं तिने त्या खुंटीला. दोन्हीकडचं पाणी हलत हलत थांबलं तिथे कोळशाने खूण केली.

"पाणी कधी खोटं बोलत नाही," ती एवढंच म्हणाली आणि सिमेंट-वाळूचा माल कालवायला बसली.

मालाचं घमेलं तिने स्वतः उचललं नाही. डॉक्टरांचं बोलणं लक्षात होतं. ते प्रतिक्षाने उचललं. पहिल्या खेपेला अर्धा माल अंगावर सांडला. दुसऱ्या खेपेला मानेत कळ आली. डोक्यावर जड ओझं घेऊन खडबडीत जमिनीवरून चालताना नजर कुठे ठेवायची हे तिला कळेना.

"खाली पाहू नको," मालनबाई म्हणाली. "समोर पाह्य. पाय आपोआप जागा शोधतात."

प्रतिक्षाने समोर पाहिलं. समोर मालनबाई करणी घेऊन उभी होती. एवढा वेळ धीराने बोलणारी बाई आता पहिल्या विटेपाशी मात्र थांबली होती. करणीवर माल घेतलेला, हात अधांतरी. मग तिने माल टाकला, करणीने तो लांब पसरवला, मधून एक हलकी चरी ओढली, वीट ठेवली, करणीच्या मुठीने दोन टोले मारले आणि बाजूने निघालेला माल एका फटक्यात कापून परत करणीवर घेतला. पहिली वीट. ती तिच्याकडे पाहत राहिली नाही. दुसरी मागितली.

तिसऱ्या विटेनंतर हात सैल झाला. दहाव्या विटेनंतर प्रतिक्षा विटा पुरवायला मागे पडू लागली. मालनबाईच्या हालचालीत कुठे घाई नव्हती, पण मधे रिकामी जागाही नव्हती. वीट हातात येते, हात ती फिरवून चांगली बाजू बाहेर करतो, माल पडतो, वीट बसते, उरलेला माल निघतो, पुढची वीट. प्रतिक्षाला हे ओळखीचं वाटलं आणि मग कळलं कुठून. नत्थूकाकाही असंच करायचा. ती लहानपणी कामावर मायला डबा द्यायला जायची तेव्हा तिने पाहिलं होतं, डावा खांदा किंचित वर, मान कलती. पण नत्थूकाका मधे मधे थांबून शिवी द्यायचा, बिडी ओढायचा. इथे तेच काम बिनआवाजाचं चाललं होतं. अठरा वर्षं ते या बाईच्या अंगात साठलं होतं, कोणाला न दिसता, तिने कधी बोलून न दाखवता, आणि आता बाहेर येत होतं, एकामागून एक थर.

दुपारी डोमा वावरातून आला. त्याने खांद्यावरचं फावडं उतरवलं आणि गुडघ्याएवढ्या भिंतीकडे पाहिलं.

"नत्थू आला होता का?" त्याने विचारलं.

"नाही," प्रतिक्षा म्हणाली.

डोमाने मालनबाईकडे पाहिलं. तिच्या भुवयांवर धूळ होती. तो भिंतीपाशी उकिडवा बसला, एक डोळा मिटून कडेने नजर लावली, आणि बराच वेळ तसाच राहिला. मग उठला, विहिरीवर गेला आणि न सांगता पाणी भरायला लागला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याने विटा भिजवायचं काम केलं.

रविवारी मालनबाईने असं काही केलं जे प्रतिक्षाला आधी चूकच वाटलं. भिंत मांडीएवढी झाल्यावर ती एक वीट लावायची आणि एक जागा सोडायची. वरच्या थरात विटेवर जागा, जागेवर वीट. भिंतीला भोकं पडत गेली.

"माय, यातून साप येईन."

"आतून बारीक जाळी लावू. पण हवा पायजे. ऊन वरून येते, हवा बाजूनं." तिने दोन बोटं भोकातून आरपार घातली. "तुह्या भैय्याजीच्या खुराड्यात हवा होती, सावली नव्हती. घरात सावली असते, हवा नसते. पाखराले दोन्ही लागते."

अंड्यांसाठी तिने मागच्या भिंतीत तीन कोनाडे सोडले आणि बाहेरून त्यांना लाकडी झडप बसवली, वर उचलायची, दुकानातल्यासारखी. जुन्या दाराची बिजागरी डोमाने शोधून दिली. आत बसायला बांबूच्या दोन दांड्या, एक खाली, एक वर. "वरच्यावर दांडग्या बसतात, खालच्यावर गरीब. एकच दांडी ठेवली की रोज मारामाऱ्या." छपराला घरावरून उतरवलेले कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते. तिने ते असे लावले की पुढे हातभर वळचण राहिली.

सोमवारी प्रतिक्षा सेंटरवर गेली, पण भैय्याजींच्या ओट्यावर बसली नाही. काय सांगायचं ते तिला सुचत नव्हतं. मंगळवारी सकाळी बस पकडायच्या आधी ती परसात गेली. ऊन नुकतंच वर आलं होतं आणि खुराड्याच्या भोकांतून आरपार गेलं होतं. आतल्या जमिनीवर उजेडाचे तुकडे पडले होते, एक सोडून एक, एक सोडून एक, अगदी सारख्या मापाचे. ती दारातून वाकून आत शिरली. आत गार होतं. ती तिथे उकिडवी बसून राहिली. तिच्या पाठीवर, हातांवर, ओढणीवर उजेडाचे चौकोन पडले होते. या बाईने कागदावर एक रेघ ओढली नव्हती. हे सगळं तिच्या डोक्यात कुठे होतं, आणि आणखी काय काय तिथे असेल, असं प्रतिक्षाच्या मनात आलं आणि तिला थोडी भीतीही वाटली. आपण या घरात तेवीस वर्षं राहिलो, आणि हे आपल्याला माहीत नव्हतं. बस चुकली तेव्हा ती भानावर आली.

नत्थू मिस्त्री बुधवारी आला. त्याचा एक दिवस मोकळा निघाला होता, आखणी करून देतो म्हणाला होता, ते त्याने पाळलं. सायकल कुंपणाला टेकवून तो परसात आला आणि थांबला.

"कोणाले बोलावलं होतं?" त्याने विचारलं. "गोंदियाकडचा मिस्त्री दिसते."

डोमाने मालनबाईकडे पाहिलं. प्रतिक्षानेही. मालनबाई अंगण झाडत होती, तिने झाडू खाली ठेवला.

नत्थूने पिशवीतून ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं पितळी वजन. तो त्याने कोपऱ्याच्या वरच्या विटेपाशी धरला आणि खाली सोडला. वजन झुलत झुलत थांबलं. दोरी वरपासून खालपर्यंत विटांना घसटून सरळ उभी राहिली. त्याने दुसरा कोपरा पाहिला. तिसरा पाहिला. चौथ्यापाशी त्याने ओळंबा हातात गुंडाळून घेतला आणि तो मालनबाईकडे वळला. तिच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ नवा फोड होता, करणीच्या मुठीचा. तो त्याला दिसला.

"मालन," तो म्हणाला. ओळंबा पिशवीत ठेवला. परत म्हणाला, "किती वर्षं होतीस माह्यासंगं?"

"अठरा."

"अठरा वर्षं," नत्थू म्हणाला. त्याचं वय झालं होतं, डोळ्यांत पाणी लवकर यायचं, पण ते त्याने येऊ दिलं नाही. "अन् अठरा वर्षं मी तुह्या डोक्यावर घमेलंच देलं."

"तेव्हा रीत तशी होती, नत्थूभाऊ."

"रीत होती," तो म्हणाला. "पण मले डोळे होते ना." तो ओट्यावर बसला. प्रतिक्षाने चहा आणून दिला. त्याने तो बशीत ओतून सावकाश प्यायला आणि सगळा वेळ विटांच्या त्या जाळीकडे पाहत राहिला. मग कप ठेवत म्हणाला, "माह्याकडं घरकुलाचे चार काम आहेत. हाताखाली दोन मिस्त्री होते, एक हैदराबादले गेला. तू येशीन का?"

"कायले?"

"भिंतीवर. खाली नाही."

मालनबाईने पदराने हात पुसले. "मिस्त्रीची मजुरी भेटन का?"

डोमाने मान वर केली. प्रतिक्षाने मायला कामाच्या मोलाबद्दल असं सरळ विचारताना कधी ऐकलं नव्हतं. नत्थूने थोडा विचार केला, आणि तो खरंच विचार करत होता, कारण बाकीच्या माणसांना काय सांगायचं हेही त्यालाच पाहायचं होतं.

"भेटन," तो म्हणाला. "लोक बोलतीन."

"बोलू द्या. मी वर राहीन. खालचं मले ऐकू येणार नाही."

तलंगा ठरल्या दिवशी आल्या, बांबूच्या डालग्यांत, गाडीवरून. योजनेच्या पाहणीला आलेल्या बाईंनी खुराड्यात हात घालून पाहिला, झडप उघडली, आपल्या मोबाइलवर फोटो काढला आणि हे कोणी बांधलं ते लिहून घेतलं. उषाबाईने भैय्याजींकडचं तयार खुराडं घेतलं होतं. तिच्या दारात मोठा आंबा आहे, त्याखाली ते बसलं, पाय सिमेंटमध्ये गाडले. तिचीही एक कोंबडी गेली नाही. दोघी एकमेकींकडे जाऊन एकमेकींचं खुराडं पाहून आल्या, आणि दोघींनी एकमेकींच्यात काही ना काही चांगलं काढलं.

पहिल्या दिवशी तलंगा आत जायला तयार नव्हत्या. अंगणात कोपऱ्यात घोळका करून उभ्या राहिल्या. मालनबाईने त्यांना हाकललं नाही. खुराड्याच्या दारात मूठभर तांदळाची कनकी टाकली आणि ओट्यावर जाऊन बसली. दिवस कलला तसं एक तांबडी तलंग दारापाशी आली, मान वाकडी करून आत पाहिलं, आणि गेली. मग दुसरी. मग सगळ्या, एकामागे एक, घाई न करता, जणू आधीपासून ठरलं होतं. आत पंखांची फडफड झाली, थोडी कुरकुर झाली, कोणी वरच्या दांडीवर गेलं, कोणी खालच्या. हळूहळू आवाज निवला. भोकांतून आत उबदार अंधार दिसत होता. डोमा, मालनबाई, प्रतिक्षा, तिघंही ऐकत बसली. प्रतिक्षाने अश्वजितला फोन लावला होता, पण काही न बोलता तिने मोबाइल फक्त खुराड्याकडे धरला. तिकडून तोही ऐकत राहिला.

एप्रिल संपता संपता एका सकाळी प्रतिक्षा नेहमीच्या बसने साकोलीला निघाली होती. साकोली येण्याच्या आधी वळणावर एक नवं घरकुल उठत होतं. बस रस्त्यावरच्या खड्ड्यांमुळे हळू झाली. लिंटेलच्या वर, बांबूच्या परांचीवर एक बाई उभी होती. डोक्याला गमछा गुंडाळलेला, नऊवारीचा काष्टा घट्ट, डावा खांदा किंचित वर. ती वीट लावत होती. तिच्या मागे नुसतं आभाळ होतं. खाली दोन पुरुष उभे राहून वर पाहत होते, आणि एकाने हातातलं काम थांबवलं होतं.

बसमधल्या एका म्हाताऱ्याने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं. "पाह्य, बाई मिस्त्री," तो म्हणाला, हळू आवाजात, देवळात बोलतात तसा.

प्रतिक्षाला त्या बाईला ओळखायला क्षणभर वेळ लागला. इतक्या उंचावर तिने मायला कधी पाहिलं नव्हतं. ती माझी माय आहे, असं सांगायला ती म्हाताऱ्याकडे वळली, पण नजर परत परांचीवर गेली. तिने खिडकीच्या गजाला धरलं आणि बस वळेपर्यंत ती पाहत राहिली.